खांबेवाडीच्या दगडांची तपासणी

मी सांगलीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागाचा शिपाई होतो. कागदावर ‘प्रयोगशाळा परिचर’. शिपाई म्हटलं की लोकांना घंटा आणि चहा आठवतो. आमच्या विभागाला घंटा नव्हती. चहा होता, आणि कपाटांत हारीनं मांडलेले दोन-अडीच हजार दगड होते. ते पुसायचे, जागच्या जागी ठेवायचे आणि परीक्षेच्या दिवशी पोरांच्या खिशात गेलेले परत काढायचे, हे माझं काम. लग्न ठरवताना हे सांगायची सोय नव्हती. आमच्या वडिलांनी सासऱ्यांना ‘पोरगा कॉलेजात असतो’ एवढंच सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

गिऱ्हाइकंही यायची. एकदा कुपवाडहून एक गृहस्थ सायकलला पोतं बांधून आले. पोत्यात काळा, चकाकणारा, बुडबुडे आलेला गोळा. म्हणाले, ‘आभाळातनं पडलाय. ह्या डोळ्यांनी बगितलाय.’ आमच्या साहेबांनी भिंग लावून बघितलं आणि गोळा माझ्याकडे सरकवला. मी उचलून बघितला आणि विचारलं, ‘तुमच्या शेजारी फौंड्री हाय का?’ ‘हाय की.’ ‘मग आभाळाला कशाला नावं ठेवताय? भट्टीतली घाण हाय ही.’ गृहस्थ इतके रागावले की पोतं तिथंच टाकून गेले. तो गोळा मी कपाटात ठेवला. दरसाल तोंडी परीक्षेत दोन पोरं तरी त्याला लाव्हा म्हणायची आणि नापास व्हायची.

साहेब म्हणजे आपटेसर, आमचे विभागप्रमुख. मूळचे पुण्याचे, अंगानं काडी, डोक्यावर खाकी टोपी. दगडाचं वय कोटीत सांगतील, पण दहिवडीच्या स्टँडवर उतरल्यावर उत्तर दिशा कुठं विचारलं तर माझ्याकडे बघतील. त्यामुळे सहलीला पोरांना शिकवायचे ते, आणि वाटेला लावायचो मी.

आता ही सहल म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपला सातारा-सांगलीचा मुलूख सगळा लाव्ह्याचा. फार पूर्वी जमिनीला भेगा पडून आतला तापलेला रस बाहेर आला, पसरला, निवला. त्यावर पुन्हा रस, पुन्हा निवला. असे थरावर थर. लोक त्याला काळा कातळ म्हणतात आणि विहीर खणताना शिव्या देतात. पण काही ठिकाणी ह्या कातळानं असले चाळे करून ठेवलेत की वाटावं, कुणा गवंड्याचं काम आहे. तसली जागा म्हणजे माण तालुक्यातली खांबेवाडी. बावीस उंबऱ्यांचं गाव, आणि त्यात एकोणीस रिटायर फौजी.

गावामागच्या टेकडीला दोन तासांचा फेरा. त्यात चार मुक्काम. पहिला, कांदेदगड: हे एवढाले गोल धोंडे, पाणी चारी बाजूंनी मुरून त्यांची सालं कांद्यासारखी सुटलेली, आत टणक गोळा. दुसरा, लाल पट्टा: दोन थरांच्या मधे सापडलेली जुनी माती, वरच्या लाव्ह्यानं विटेसारखी भाजलेली. तिसरा, भिंत: उभ्या भेगेत रस चढून गोठला, आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला, आणि हा छातीएवढा उंच काळा पट्टा शेतांतून सरळ जातो. मधे मधे ढासळलेला. चौथा मुक्काम म्हणजे खांब. टेकडीच्या कुशीत शेकडो दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे, पाच कोनी, सहा कोनी, जणू पेन्सिली बांधून ठेवल्यात. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे असे कोनांत जातात.

हे सगळं मला सरांनी शिकवलं नाही. पोरांना शिकवत होते तेव्हा मी स्टोव्हला पंप मारत ऐकलं. आणि आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत आमचं जेवण उरकायचं असतं, म्हणून दुपारपासून चुलीपाशी बसून मी तेच गावकऱ्यांना सांगायचो. ऐकायला सुभेदार जगदाळे ठरलेले. तीन लढाया बघितलेला माणूस, मिशा कानापर्यंत, माणूस उभा असला तरी सावधान आणि बसला तरी सावधान. त्यांच्या पडवीत आमचा मुक्काम असायचा.

तर झालं असं, की विद्यापीठानं ठरवलं, ज्या विभागांत पोरं कमी ते बंद करावेत. आमच्याकडे तिन्ही वर्षं मिळून अकरा पोरं. त्यातली चार चुकून आलेली. बंद करायच्या आधी कमिटी येणार, शिकवणं बघणार, सहलसुद्धा बघणार. सरांचं एक बरं होतं, त्यांना कुठंही प्राध्यापकी मिळाली असती. मी हंगामी. अकरा वर्षं हंगामी! एप्रिलला कमी करायचे, जूनला पुन्हा घ्यायचे. विभाग बंद म्हणजे जून कायमचा गेला. घरी बायको, दोन पोरी, आणि वय असं की दुसरीकडे कोणी हमालीलासुद्धा घेणार नाही. दगड ओळखता येतात म्हणून कोण पगार देतंय?

सर म्हणाले, ‘बाबू, सुभेदारांना एक कार्ड टाक. वाटेवर बाभळीचे काटे फार आहेत, तेवढे तोडून ठेवा म्हणावं.’

मी कार्ड टाकलं. आजही तोंडपाठ आहे. ‘रा. रा. सुभेदारसाहेबांस बाबू मगदूम याचा नमस्कार. पुढील सोमवारी विद्यापीठाची कमिटी आपल्या गावच्या दगडांची तपासणी करण्यास येत आहे. कमिटीस पसंत न पडल्यास आमचा विभाग बंद व माझी नोकरी खलास. तरी वाटेवरचे काटे तोडून ठेवावेत. बाकी आपण जाणते आहात.’

काट्यांवर थांबायला पाहिजे होतं. पण आपल्याला पत्राच्या शेवटी समोरच्याला जाणता म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. आणि जाणत्या माणसाला तसं लिहिलं की तो काय करतो? जे जाणतो ते करतो.

सोमवारी पोरांना घेऊन मी भाड्याच्या ट्रकनं पुढे निघालो. कमिटीला घेऊन सर मोटारीतून मागनं येणार होते. तासगाव, विटा करत आम्ही दहाच्या सुमारास खांबेवाडीत. वेशीवर सुभेदार उभे. कोट घातलेला, छातीवर मेडलं, मागे अठरा म्हातारे ओळीत, कुणाच्या अंगावर जुनी जर्सी, कुणाच्या डोक्यावर बॅरेट टोपी. मला कडक सॅल्यूट ठोकला. मला! म्हणाले, ‘चला, मगदूम. सगळं तयार हाय.’

मी मनात म्हटलं, काटे तोडायला अठरा माणसं कशाला?

पहिल्या मुक्कामावर मला धोंडे दिसेनात. मग दिसले. सालं सगळी सोलून काढलेली, आतले गोळे घासूनपुसून गुळगुळीत, आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उंचीप्रमाणे लावलेले. थोरला आधी, धाकटा शेवटी. निसर्गाला ती सालं सोडवायला लाखो वर्षं लागली होती. ह्यांनी चार दिवसांत उरकलं.

‘कुजका भाग काडून टाकला,’ सुभेदार म्हणाले.

तोपर्यंत मला टेकडी दिसली होती. टेकडी पांढरी होती. सगळे खांब माणसाच्या उंचीपर्यंत चुन्यानं रंगवलेले. वर वीतभर गेरूचा पट्टा. आणि प्रत्येक खांबावर डांबरानं नंबर.

‘हे... हे काय?’

‘चुना. पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेलतो, तवा दोन पोती आनली. गेरू मातर आमच्यातलाच हाय, तुमच्या त्या लाल पट्ट्यातला. लय खरवडाय लागला, पन निघाला.’

म्हणजे दुसरा मुक्काम खरवडून चौथ्याला फासला होता! आणि भिंत? भिंतीची ढासळलेली जागा सगळी बांधून काढली होती. दगड-मातीत, वर शेणाचा गिलावा, मधे एक दार ठेवलेलं, दाराला आंब्याचं तोरण.

माझ्या डोक्यात काय शिरलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी ओरडलो. त्या अठरा म्हाताऱ्यांसमोर, पोरांसमोर ओरडलो. ‘सुभेदार, माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही! काटे तोडा म्हटलं होतं, काटे! अक्कल कुठं गहाण टाकलीत? अकरा वर्षं घासली मी, दोन पोती चुन्यात घालवलीत! पोरी घेऊन आता तुमच्या दारात येऊन बसू का?’

सुभेदार हात शिवणीला चिकटवून उभे राहिले. एवढ्या लढाया बघितलेला माणूस, पण तोंड असं झालं की मला पुढे बघवेना. तरी मी थांबलो नाही. आणखी दोन वाक्यं बोललो, ती इथं लिहीत नाही.

मग मला वाटलं, कमिटी यायला अजून अर्धा तास आहे, निदान दर्शनी चार खांब तरी धुऊन काढू. धावत खाली गावात आलो. सुभेदारांच्या घरी त्यांच्या मंडळी, हौसाक्का, उंबऱ्यात भाकरीचं पीठ चाळत होत्या.

‘वहिनी, घागरी द्या. असतील तेवढ्या.’

‘रिकाम्या देऊ?’

‘भरलेल्या द्या हो!’

त्यांनी चाळण खाली ठेवली. ‘भावजी, पानी कुटलं? टँकर बिस्तरवारी आला. घरटी तीन-तीन घागरी चुन्यात गेल्या.’

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण माणला ते कोणी कळवलं नव्हतं. आठवड्याला एक टँकर, आणि तोही आला तर. दोन पोती चुना भिजवायला, पातळ करायला, लावायला किती पाणी लागतं ह्याचा हिशोब माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

‘मग तुम्ही काय पिताय?’

‘हाय की, पुरवून पुरवून. पोरांच्या आंगुळी बंद केल्या. शेरडं तेवडी पाजली.’ मग म्हणाल्या, ‘ह्येंनी दवंडीच दिली, बाबूरावाच्या नोकरीचा सवाल हाय म्हून. कुनी न्हाई म्हनलं न्हाई बगा. चांगलं झालंय न्हवं?’

मी म्हटलं, ‘झालंय.’ आणि वेशीवर मोटारीचा हॉर्न वाजला.

कमिटीत दोन माणसं होती. अध्यक्ष कॉमर्सचे प्राचार्य, भला गोरागोमटा माणूस, दगडाशी संबंध फक्त घराच्या पायरीपुरता. दुसऱ्या रसायनशास्त्राच्या बाई, शांत, चष्म्यातून बघणाऱ्या. दगडवाला एकही नाही. दगडाची कमिटी आणि दगडवाला नाही, हे विद्यापीठातच होऊ शकतं.

पहिल्या मुक्कामावर अध्यक्ष थबकले. ‘वा! निसर्ग किती शिस्तीचा असतो बघा. मोठ्यापासून लहानापर्यंत!’

आपटेसरांनी माझ्याकडे बघितलं. मी ट्रककडे बघितलं.

बाई म्हणाल्या, ‘रांग जरा जास्तच सरळ आहे.’

दुसऱ्या मुक्कामावर सरांनी काठी उंचावून ‘इथे आपल्याला लाल थर दिसतो’ असं म्हटलं आणि काठी तशीच राहिली. ‘कुठे?’ अध्यक्ष म्हणाले. ‘होता,’ सर म्हणाले. तिसऱ्या मुक्कामावर सर भिंतीची जन्मकथा सांगत होते, भेग कशी पडली, रस कसा चढला. अध्यक्ष मान डोलावत तोरणाखालून आत गेले, पलीकडून परत आले आणि म्हणाले, ‘आणि हे दार?’

‘ते अलीकडचं आहे,’ सर म्हणाले.

‘अलीकडचं म्हणजे?’

‘आमच्या शास्त्रात अलीकडचं म्हणजे काहीही असू शकतं, सर.’

घामानं सरांची टोपी भिजली होती. त्यात चौथा मुक्काम आला. पांढरा शुभ्र, लाल काठाचा, नंबर घातलेला. इथं आमचा उपाध्ये पुढे सरसावला. तिसऱ्या वर्षाचा, सगळ्यांत अभ्यासू. आम्ही सहलीला आम्लाची छोटी बाटली ठेवतो. दगडावर थेंब टाकायचा, फसफसला तर चुनखडी, नाही तर नाही. ह्या शहाण्यानं खांबावर थेंब टाकला. चुना वाळून चार दिवस झाले होते, छान फसफसला. उपाध्ये ओरडला, ‘सर, चुनखडी!’

‘म्हणजे आपटे,’ अध्यक्ष भारावून म्हणाले, ‘ह्या ज्वालामुखीतून चुनखडीसुद्धा बाहेर आली?’

सरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. माझ्या हातात त्यांची पिशवी होती. त्यांच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं, मला दिसलं. एक ‘हो’ म्हटलं की झालं असतं. अध्यक्ष खूश, विभाग राहिला, मी राहिलो. पण ह्या माणसानं उभ्या जन्मात दगडाबद्दल खोटं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. सख्ख्या भाच्याला एका दगडावरून नापास केलेला माणूस हा. त्यांनी माझ्यादेखत खोटं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहा कुठल्या तोंडानं दिला असता? आणि त्यांनी तो कुठल्या तोंडानं घेतला असता?

मीच बोललो. ‘साहेब, ज्वालामुखीचा काही संबंध नाही. आपला नेहमीचा चुना आहे. धोंडे लावलेले आहेत, भिंत बांधलेली आहे. कार्ड मी टाकलं होतं, चूक माझी आहे.’

आता गेली नोकरी, मी मनात म्हटलं, आणि गंमत म्हणजे हलकं वाटलं.

तेवढ्यात मागून बूट आपटल्याचा आवाज आला. सुभेदार तीन पावलं पुढे येऊन उभे. ‘साब, चिठ्ठी त्येची, हुकूम माजा. सजा द्यायची तर मला द्या.’

‘पण चुना लावलात कशाला?’ बाईंनी विचारलं.

सुभेदारांना प्रश्नच समजेना. ‘आता तपासनी म्हनल्यावर चुना लावत न्हाईत व्हय? जम्मूपासनं आसामपतुर कुटंबी जावा बाई, मुआयना आला की आदी चुना. झाडाला लावतो, दगडाला लावतो. कमांडर साब खूश.’

‘आणि हे नंबर?’

‘नफरी घेतली. मोजल्याबिगर तपासनी कशी व्हनार?’ कोटाच्या खिशातून त्यांनी वही काढली आणि परेडवर वाचतात तशी वाचायला सुरुवात केली. चार कोनी इतके, पाच कोनी इतके, सहा कोनी सर्वांत जास्त, जायबंदी इतके, मुंडकं तुटलेले इतके. ‘सात कोनी दोनच हैत. ते येगळं दिसत्यात म्हून त्येस्नी हवालदार केलंय.’ बघतो तर खरंच दोन खांबांवर तीन-तीन फिती काढलेल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मागून घेतली, दोन पानं बघितली आणि सरांच्या हातात दिली. सर वाचत वाचत एका धोंड्यावर बसले. म्हणाले, ‘इतकी वर्षं मी इथे येतो. मी कधी मोजले नाहीत.’

अध्यक्ष आता पोरांकडे वळले. ‘हे कोन पडतात कसे? सांगेल कोणी?’ अकराच्या अकरा पोरांनी बुटांकडे बघितलं. उपाध्ये तर बाटली लपवण्यात गुंतला होता. पुन्हा सुभेदारच. ‘साब, तळं आटल्याव गाळ बगितलाय का? वाळला की आकसतो, आन् त्येला भेगा पडत्यात, आशा कोना-कोनाच्या. तसंच हे. रस निवला, आकसला, वरनं भेग पडली ती खालपतुर गेली. आमचं तळं दरसाल आटतंय, त्यामुळं आमच्यात ह्ये बारक्या पोराला बी ठावं हाय.’

‘तुम्हाला कोणी शिकवलं?’

‘ह्येनं.’ माझ्याकडे बोट. ‘सैपाक करताना बडबडत आसतोय.’

तपासणी संपली. जाताना सुभेदारांनी सगळ्यांना सॅल्यूट केला, मलाही केला. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. ट्रकमध्ये मागे तोंड करून बसलो.

महिन्यानं अहवाल आला. विभाग चालू ठेवावा, कारण परिसरातल्या लोकांमध्ये विषयाची विलक्षण गोडी दिसून आली. आणि खाली दुसरं कलम: नैसर्गिक स्थळ विद्रूप होण्यास कारणीभूत झालेल्या परिचरास लेखी ताकीद देऊन तशी नोंद करावी व कमिटीस कळवावे.

आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी हेडक्लार्कना बोलावलं. मी दाराशी उभा. हेडक्लार्क म्हणाले, ‘नोंद करता येत नाही, साहेब. हा हंगामी. ह्याला सर्व्हिस बुकच नाही.’

‘मग उघडा सर्व्हिस बुक.’

‘हंगामी माणसाचं उघडता येत नाही. आधी कायम करावं लागेल.’

प्राचार्य वैतागले. ‘अहो, मग करा कायम! मला कमिटीला उत्तर पाठवायचंय.’

अकरा वर्षं मी अर्जावर अर्ज केले, तेव्हा जागा नव्हती, मंजुरी नव्हती, फाईल सापडत नव्हती. मला ताकीद द्यायची म्हटल्यावर आठ दिवसांत सगळं सापडलं. मी कायम झालो तो असा. सर्व्हिस बुकात पहिलीच नोंद: दगडांना चुना लावण्यास कारणीभूत झाल्याबद्दल सक्त ताकीद. बायकोनं त्या दिवशी पुरणपोळी केली. सर घरी येऊन दोन खाऊन गेले. त्या ‘हो’बद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

पण सुभेदारांना बोललेलं माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी ताकिदीची नक्कल खिशात घालून एसटीनं एकटाच खांबेवाडीला गेलो. खांब तसेच पांढरे होते. पाऊस आला तर चुना जाणार, आणि पाऊस कुठं होता? सुभेदार पडवीत होते. मी कागद दिला. त्यांनी उभं राहून वाचला, घडी केली, परत दिला.

‘नोकरी ऱ्हायली म्हना की.’

‘राहिली. सुभेदार, त्या दिवशी मी बोललो ते...’

‘लय बोललास,’ ते म्हणाले. पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. ‘पन मला फौजेत ह्यापरास वंगाळ बोललेत. माझं सोड. पानी बायकांनी दिलं. मापी मागायची तर त्येंची माग जा.’

मग मी घरोघर निघालो. पहिलं घर हौसाक्कांचं. ‘वहिनी, तुमचं पाणी माझ्यापायी...’ असं म्हणेपर्यंत त्यांनी घोंगडं टाकलं, बसवलं, आणि तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. उन्हातनं आलेल्या माणसाला आधी पाणी, बोलणं मग. नको म्हटलं तर डोळे वटारले. प्यालो. दुसऱ्या घरी गेलो. तिथंही घोंगडं, तांब्या, गूळ. ‘माफी कसली, आदी पानी प्या.’ तिसऱ्या घरची म्हातारी तर म्हणाली, ‘त्येंच्यातलं प्यालास आन् आमच्यातलं न्हाई व्हय रं?’ आमच्या घरी पाणी गाळल्याशिवाय कोणी पीत नाही, आईनं मरेपर्यंत पाळलं, फडकं माझ्या खिशात होतं. मी ते बाहेर काढलं नाही. बावीस घरं, बावीस तांबे. त्यांच्या पाण्याची माफी मागायला गेलो आणि गावाचं उरलंसुरलं पाणी पिऊन आलो.

परतीच्या एसटीत पोटात पाणी नुसतं डचमळत होतं. दहिवडी यायच्या आत दोनदा घंटी मारून गाडी थांबवायला लावली. दुसऱ्यांदा झाडामागून परत आलो, तेव्हा कंडक्टर दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, ‘आवं पावनं, आमच्या मानात एवडं पानी तुमाला पाजलं तरी कुनी?’

मला हसायचं होतं. पण रडूच आलं, आणि गाडीभर माणसं बघत राहिली.